न बोललेला फुलटोच्या

“…आणि समजा पक्षी दिसलाच नाही, नुसता ऐकू आला, तर तो पाहिला म्हणायचं की नाही?”

इंद्रजितनं हे विचारलं तेव्हा उमाताई थर्मासमधला चहा झाकणात ओतत होत्या. झाकण भरलं, बूच लावलं, थर्मास पिशवीत गेला, आणि मग त्यांनी वर पाहिलं.

“कुणाला सांगायचंय?”

 इंद्रजितनं सकाळीच ग्रुपवर ‘पाहिला’ म्हणून सांगून टाकलं होतं, आणि त्याखाली भराभर अंगठेही येऊन पडले होते.

ताईंनी शांतपणे चहा प्यायला. 

त्या अशाच. प्रश्न जिथून आला तिथे परत पाठवायची त्यांना जुनी सवय. नोकरीच तशी होती म्हणा. मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून दारात वाट बघत बसावं लागे, त्या काळापासून त्या गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नुसत्या ‘हॅलो’वरून पलीकडे बारसं आहे की बारावं, हे त्यांना कळायचं, असं जुने लोक अजून सांगतात. बारावं असेल तर त्या रांगेतले बाकीचे कॉल थांबवून तो आधी जोडून देत. हे नियमात बसणारं नव्हतं, पण कधी कुणी तक्रार केली नाही.

रात्रपाळी संपली की घरी जाण्याआधी त्या टेकडीवर येत. रात्रभर तारेतून आलेली माणसांची भांडणं आणि रडणी कानातून निघून जावीत, एवढंच तेव्हा मनात होतं. पक्षी पुढे आपोआप आले.

टेकडी म्हणजे भैरोबाची टेकडी. तिचं निसर्ग उद्यान नंतर झालं. पायथ्याची पडीक जागा नगरपालिकेनं कुंपण घालून राखली, दगडाची एक जुनी खाण पाण्यानं भरली होती तिला सगळे तळं म्हणू लागले, आणि फाटकावर ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी लागली. पाटीखालूनच शेळ्या आत येत. अभयारण्य वगैरे म्हणण्याजोगं तिथे काही नव्हतं. पण दर रविवारी सकाळी उमाताईंची पक्षीफेरी निघायची, आणि आसपासच्या गावांतून माणसं गाड्या काढून त्यासाठी यायची.

शिकवण्याची त्यांची पद्धत अजब होती. नवा माणूस आला की पहिला हिवाळाभर त्याच्या गळ्यात दुर्बीण नाही. तळ्याकाठी सिमेंटचा एक बाक होता, त्यावर डोळे मिटून बसायचं. आवाज आला की पक्ष्याचं नाव सांगायचं नाही, नुसतं बोट करायचं, आवाज आला त्या दिशेला. कुणी उत्साहानं नाव घेतलं तर ताई म्हणायच्या, “नाव राहू दे. आहे कुठे तो?”

नव्या कोऱ्या टोप्या आणि खिसेच खिसे असलेली जाकिटं घालून आलेली बरीच मंडळी या बाकावरूनच परत गेली. आंधळी कोशिंबीर खेळायला का आम्ही इथे आलो, असं म्हणून गेली.

इंद्रजित कणसे मात्र टिकला.

बसस्टँडसमोर त्याचं औषधांचं दुकान. अंगानं उंच, स्वभावानं उतावळा, आणि कुठल्याही गोष्टीत पहिला यायची खोड लहानपणापासूनची. पण हे मान्यच करायला हवं, पोराचा कान सोन्याचा होता. पहिला हिवाळा संपायच्या आत त्याचं बोट ताईंच्या बोटाबरोबर उठायला लागलं. पानांच्या गर्दीत बोटभर वटवट्या कुठल्या डहाळीवर आहे, हे तो डोळे मिटून दाखवायचा. ताई त्याला ‘इंद्रा’ म्हणू लागल्या. त्यांच्या तोंडी असं आपलेपणाचं नाव फार जणांच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

अशी वर्षं गेली. आता ताईंनी सत्तरी गाठली होती. उद्यान समितीनं त्यांना विचारलं होतं की पुढे फेरी कुणी चालवायची, ताई म्हणतील तो. ताईंनी सांगितलं, होळीच्या आधी कळवते.

इंद्रजित मनातल्या मनात मांडे खात होता. दुसरं कोण आहे? त्याच्यासारखा कान कुणाचा आहे? पण माघ लागला तरी ताई त्या विषयावर चकार शब्द काढीनात. तोही विचारीना. विचारायचं असायचं ते हे, आणि तोंडातून यायचं ते भलतंच, पक्षी पाहिला म्हणायचं की ऐकला म्हणायचं.

त्या सकाळी चहा झाल्यावर दोघं जुन्या आंब्याखाली आली. या आंब्यावर बांडगूळ माजलं होतं, आणि बांडगुळाच्या फळांसाठी तिथे फुलटोच्या यायचा. अंगठ्याएवढा पक्षी, मातकट रंगाचा, कुणी ढुंकून बघणार नाही असा. आवाजही तसाच, बारीक आणि कोरडा, टिक्… टिक्.

तो बोलला. अगदी डोक्यावर.

इंद्रजितनं ऐकलं आणि झटकन ताईंकडे पाहिलं. ताई तळ्याकडे बघत होत्या.

तो पुन्हा बोलला. ताई म्हणाल्या की यंदा धोबी पक्षी लवकर परत निघालेले दिसतात.

इंद्रजितच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं पुढचे काही दिवस पक्षी सोडून ताईंवर नजर ठेवली. तांबटाची टुकटुक, भारद्वाजाची खोल घूमघूम, होल्याचं घुमणं, हे सगळं त्यांना ऐकू येत होतं, अगदी दूरचंसुद्धा. पण बारीक आवाज? चष्मेवाल्या पाखरांचा थवा किणकिणत डोक्यावरून गेला तेव्हा त्या चपलेतला खडा काढत होत्या.

आणि तरी याच ताईंनी महिन्यापूर्वीच्या फेरीत सगळ्यांना फुलटोच्या दाखवला होता. कुठे बसलाय ते बोटानं नेमकं दाखवलं होतं.

इंद्रजितनं याचा अर्थ लावला. ताईंना ऐकू येत नाही. कुठल्या झाडावर कोण राहतं ते त्यांना पाठ आहे, आणि त्या अंदाजपंचे काम चालवताहेत. लोक माना डोलावतात, कारण उमाताई म्हणजे उमाताई.

त्याला राग आला. मग त्याला वाटलं, हे लोकांना कळायला हवं. का कळायला हवं, हे मात्र त्यानं स्वतःला विचारलं नाही. आपला मतलब खरेपणाचा सदरा घालून आला की आपल्यालाही तो चटकन ओळखू येत नाही.

पुढच्या रविवारी फेरीला बरीच माणसं होती. डॉक्टर जोडपं होतं, शाळेतल्या दोन बाई होत्या, आणि बँकेतून निवृत्त झालेले गायकवाडकाका होते. ते वर्षानुवर्षं दर रविवारी येत आणि मोर दिसेल का एवढंच विचारत.

आंब्याखाली आल्यावर इंद्रजित थांबला. त्यानं नीट कानोसा घेतला. झाड गप्प होतं. एक पानसुद्धा हलत नव्हतं. त्याला हवं होतं तसंच.

त्यानं एकदम हात वर केला.

“ताई, हा कोण?”

सगळ्यांच्या दुर्बिणी वर गेल्या. गायकवाडकाकांनी कुजबुजत विचारलं की मोर आहे काय. इंद्रजितची नजर ताईंवर होती. आता त्या म्हणतील फुलटोच्या. बांडगूळ आहे, आंबा आहे, दुसरं काय म्हणणार? मग तो म्हणणार होता की ताई, आत्ता तर कुणीच बोललं नाही. अगदी नम्रपणे म्हणणार होता. वाक्य तयार होतं.

ताईंनी आंब्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी इंद्रजितकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं…

“कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “चला पुढे.”

माणसं पुढे निघाली. इंद्रजित तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. म्हणजे ऐकू येतंय! कुणी बोललं नाही हे कळायला कान लागतातच की. आपण नाही नाही ते मनात आणलं. लाजेनं त्याची मान खाली गेली, आणि तो पायांकडे बघतच रांगेच्या कडेनं चालू लागला.

थोडं पुढे करंजाचं झाड होतं. तिथे फुलटोच्या बोलला. खराखुरा, हाताच्या अंतरावर, चांगला खणखणीत. इंद्रजितनं खालमानेनंच तो ऐकला.

ताई त्याच झाडाखालून सरळ चालत गेल्या.

आता मात्र त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. जो बोलला नाही, तो बोलला नाही हे ताईंना कळलं. जो बोलला, तो बोलला हे कळलं नाही. फेरी संपेपर्यंत त्याला दुसरं काही सुचलं नाही. चष्मेवाले कुणी दाखवले, खंड्या कुठे बसला होता, काही आठवेना.

फेरी संपली. मंडळी फाटकाबाहेरच्या गाड्यावर पोहे खायला गेली. ताई तळ्याकाठच्या बाकावर बसल्या. इंद्रजित त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं.

“ताई, आंब्याखाली पक्षी बोलला नव्हता.”

“माहीत आहे.”

“करंजाखाली बोलला.”

“असेल.”

“तो तुम्हाला ऐकू आला नाही.”

“नाही.”

तळ्यात कुठेतरी मासळी उसळली. ताईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. तो बसला.

“बारीक आवाज येत नाहीत मला,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं झाली.”

घरातले तांदूळ संपले असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

मग हळूहळू बाकीचंही सांगितलं. आधी फुलटोच्या गेला. मग चष्मेवाले, मग शिंजीर. त्यांना वाटलं पक्षीच टेकडी सोडून गेले. कुणीतरी औषध फवारलं असेल म्हणून त्या नगरपालिकेत जाऊन भांडूनही आल्या. साहेब बिचारा शपथेवर सांगत होता की फवारणीला आमच्याकडे पंपच नाही. मग एका सकाळी त्याच आंब्याखाली त्यांना फुलटोच्या दिसला. दुर्बिणीतून नीट दिसला. त्याची चोच उघडत होती, मिटत होती. उघडत होती, मिटत होती…



कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं. त्यानं स्वतःच्या लुगड्याची सळसळ आणि रस्त्यावरचे हॉर्न एवढे मोठे झाले की डोकं उठायचं. फुलटोच्या काही परत आला नाही. यंत्र आता कपाटात आहे, लग्नकार्यात घालतात.

इंद्रजितला वाटलं, ज्या कानांनी गावभरची सुखदुःखं जोडून दिली, त्या कानांवर ही वेळ यावी, आणि आपण ती चारचौघांत उघडी पाडायला निघालो होतो. 

“मग तुम्ही दाखवत कशा होता?” त्यानं विचारलं. “महिन्यापूर्वी दाखवला होतात. नेमका.”

ताई हसल्या.

“त्या दिवशी, चोच दिसली नि आवाज आला नाही, तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास. मी घाबरून तुझ्याकडे पाहिलं. तू वर बघत होतास…” त्यांनी स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. “ही एवढीशी वर गेली होती. पक्षी बोलला की जायची. तो थांबला की खाली यायची. मला ऐकू आला, इंद्रा.”

इंद्रजितचा हात आपोआप स्वतःच्या भुवईवर गेला.

“दोन वर्षं मी तुझ्या तोंडाकडे बघते आहे,” त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी त्याला त्याचाच चेहरा सांगितला. फुलटोच्याला डावी भुवई. चष्मेवाले आले की ओठ जरा उघडतात, ताटात काही गोड पडल्यावर लहान मुलाचे उघडतात तसे. शिंजीर गायला लागला की श्वासच थांबतो, छाती हलत नाही. वटवट्याला नाक किंचित आक्रसतं, त्याचा तुला कंटाळा आहे, तू कबूल करत नाहीस. आणि आवाज उजवीकडून आला की हनुवटी आधी उजवीकडे जाते, डोळे नंतर.

इंद्रजितला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माणसाला स्वतःचं तोंड कुठे दिसतं? ज्या बाईंनी सगळ्यांना डोळे मिटून बसायला शिकवलं, त्या ऐकू येईनासं झाल्यावर न कुरकुरता डोळे उघडून नव्यानं शिकायला बसल्या होत्या. तेही एका शिष्याच्या तोंडावरून. गुरू म्हणतात तो असा. कौतुक करायला आपल्याला शब्द सापडत नाहीत.

“मग आज… आंब्याखाली?” त्यानं चाचरत विचारलं.

“आज तुझ्या तोंडावर पक्षी नव्हता.”

“काय होतं?”

 ताईंनी थर्मासचं झाकण पदरानं पुसलं, उलटं करून झटकलं, पुन्हा पुसलं…

“हल्ली मला फारच कमी ऐकू येतं,” त्या जरा वेळानं म्हणाल्या.

“आणखी बिघडलं? डॉक्टरांना पुन्हा दाखवू. मी येतो बरोबर.”

“कान तेवढेच आहेत.”

“मग?”

“आधी तू पक्षी ऐकलास की पक्ष्याकडे बघायचास. आता माझ्याकडे बघतोस.”

 इंद्रजितला ती सकाळ आठवली. फुलटोच्या डोक्यावर बोलला होता आणि आपण झटकन ताईंकडे पाहिलं होतं, त्यांना येतंय का बघायला. आपण पारख करत होतो आणि तेवढ्यानंच त्या बहिऱ्या होत होत्या. त्याआधीसुद्धा, कितीदा तरी, आवाज ओळखला की आपली नजर आधी माणसांवर फिरायची, कुणी पाहिलं का की मी ओळखला.

त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवले नाहीत.

“मला आधीच का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर माझ्यासाठी ऐकायला लागला असतास.”

“मग आज का सांगितलंत?”

“आज विचारलंस.”

 बाहेर गाड्यावरून हसण्याचा आवाज आला. मग इंद्रजित म्हणाला की फेरी तुम्हीच घ्या. मला नको. मी शेजारून चालेन, तुमच्या डोळ्यांसमोर राहीन, जन्मभर राहीन. तो मनापासून म्हणत होता. पण मनापासून म्हणतानाही आपण किती चांगलं बोलतोय हे त्याच्या कानांना ऐकू येत होतं, आणि ते त्याचं त्यालाच जाणवलं. तो अर्ध्यातच थांबला.

ताईंनी पिशवीचे बंद आवळले.

“पुढच्या रविवारी तू पुढे चाल.”

“पण ताई, मी पुढे चाललो तर तुम्हाला नुसती माझी पाठ दिसेल.”

“हो.”

“मग ऐकू कसं येणार तुम्हाला?”

ताईंनी खरोखरच विचार केला. हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं असं दिसलं.

“पाठ मला येत नाही अजून,” त्या म्हणाल्या. “शिकेन.”

आणि त्या पोहे खायला निघून गेल्या.

तो आठवडा इंद्रजितला फार जड गेला. आपल्याला चेहरा आहे हे एकदा कळल्यावर माणसाचं काही खरं नसतं. दुकानातल्या आरशात तो डावी भुवई वर करून बघायचा, आणि गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागता मागता थांबून त्याच्याकडे बघायचं. सकाळी टेकडीवर गेला तर पक्षी बोलला की आधी भुवई आठवायची, मग हनुवटी, मग पाठ, आणि एवढ्या हजेऱ्या घेईपर्यंत पक्षी उडून गेलेला असायचा. गुरुवारी तर त्याला धड वटवट्याही ऐकू आला नाही. त्याला भीती वाटली. जे होतं ते गेलंच की काय आपलं? आणि आपल्याबरोबर ताईंचंही?

रविवार उजाडला. ताईंनी फाटकाशी एवढंच सांगितलं की आजपासून फेरी इंद्रजितची. टाळ्या पडल्या. गायकवाडकाकांनी नव्या पुढाऱ्याला विचारलं की मोर दिसेल का.

ताई सगळ्यांच्या मागे, रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

इंद्रजित पुढे निघाला. त्यानं तांबट दाखवला, खंड्या दाखवला, वेडे राघू दाखवले. लोक खूश होते. पण त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या पाठीवर होतं. पाठ म्हणजे पाटावर वाळत घातलेल्या पापडासारखी ताठ झाली होती. आंब्याखाली फुलटोच्या बोलला तेव्हा तो मुद्दाम थबकला, खांदे जरा वर केले, मान झाडाकडे कलती केली. ताईंना कळावं म्हणून. मागून काहीच आलं नाही. फक्त कुणीतरी शाळेतल्या बाईंना विचारलं की याची मान अवघडली आहे का.

तो पुढे चालू लागला. आता त्याला रडू यायचं बाकी होतं. फेरी मिळाली होती, आणि त्या क्षणी ती कुणीही मागितली असती तर त्यानं देऊन टाकली असती.

तळ्याच्या वळणावर पांगारा होता. माघ संपत आला होता आणि पांगारा पानं गाळून लालभडक फुलला होता. त्याच्या शेंड्यावर, एका निष्पर्ण काडीवर शिंजीर बसला होता. नर होता. उन्हात आला की काळ्याचा जांभळा आणि जांभळ्याचा निळा होत होता.

तो गायला लागला.

बारीक, भरभर, एकात एक ओवत जाणारं गाणं. मध्येच वर चढायचं, गिरकी घ्यायचं, आता संपलं म्हणावं तर पुन्हा सुरू व्हायचं. एवढ्याशा जिवाला एवढा दम कुठून येत असेल? तो पंख थोडे उघडायचा, छातीजवळची पिवळी झुपकी दाखवायचा, आणि गातच राहायचा. साऱ्या टेकडीवर जणू त्याच्यावाचून कुणाला काही काम नव्हतं.

इंद्रजित उभा राहिला. फेरी आपण चालवतोय, मागे माणसं आहेत, आपल्याला पाठ आहे, यातलं काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. पक्ष्याचं नावही मनात आलं नाही. खाली तळ्याचं पाणी होतं, वर तो होता, आणि मध्ये ते गाणं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे.

मग त्याला एकदम भान आलं. मागे ताई आहेत. आणि हा आवाज, हाच आवाज, ताईंना… त्याची मान वळायला लागली.

“इकडे नको बघूस,” रांगेच्या शेवटून ताईंचा हलका आवाज आला. “अजून गातोय तो.”